पहिल्यांदाच घरी रायफलचं बेडिंग करतोय, ॲक्शन आतच चिकटली तर?

प्रश्न:
बोल्ट ॲक्शन रायफल आहे, लाकडी स्टॉक (दस्ता). पुढचा स्क्रू सैल केला की नळी स्टॉकमधून वर उचलल्याचं बोटाला जाणवतं, आणि स्क्रू जरा कमीजास्त आवळला तरी ग्रुप (गोळ्या लागतात ती जागा) सरकतो, म्हणून बेडिंग करायचं ठरवलं, म्हणजे ॲक्शन (बोल्ट आणि ट्रिगर बसतो तो नळीमागचा धातूचा भाग) आणि स्टॉक यांच्यामधली फट इपॉक्सीने भरायची. इपॉक्सी आणून ठेवलंय पण हिंमत होत नाहीये. रिकॉइल लगला (ॲक्शनखालचा, धक्का स्टॉककडे देणारा ठोकळा) सगळीकडून टेप लावायची का? आणि इपॉक्सी सुकेपर्यंत स्क्रू किती आवळायचे?

उत्तर १:
लगच्या पुढच्या बाजूला, दोन्ही कडांना आणि खाली टेपचा एक थर लावा, मागची बाजू मात्र उघडीच ठेवा कारण धक्का बसतो तेव्हा तीच बाजू स्टॉकला रेटते, तिथे पूर्ण टेकायला हवं. स्क्रू आवळूच नका. ते फक्त जागा धरायला. आवळलेत तर ॲक्शन वाकलेल्या अवस्थेतच इपॉक्सी कडक होतं आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला तोच दोष कायमचा बसतो. नळी मध्यावर राहावी म्हणून स्टॉकच्या टोकापाशी तिला टेपचे वेढे द्या.

उत्तर २:
चिकटण्याबद्दल सांगतो, माझी पहिली अडकली होती म्हणून. इपॉक्सी धातूला धरू नये म्हणून मेण सगळीकडे नीट लावलं होतं, पण ट्रिगरच्या पिनेचं भोक मातीने बुजवायचं राहिलं, इपॉक्सी त्यात शिरलं आणि आत खुंटीच तयार झाली, तिथे मेण काय करणार? काही तास फ्रीजरमध्ये ठेवून, हळूहळू ठोकत कशीबशी सुटली. त्यामुळे बोल्ट आणि ट्रिगर काढून ठेवा, आणि प्रत्येक भोक, खाच मॉडेलिंग क्लेने भरून ॲक्शनच्या बरोबरीने घासून घ्या. रिलीज एजंट (म्हणजे मेणासारखं न चिकटू देणारं काही) स्क्रूच्या आट्यांनाही लावा, लोक तेच विसरतात. आणि आधी एकदा इपॉक्सी न लावता सगळं बसवून, काढून बघा.

प्रश्न विचारणारा:
पिनेचं भोक माझ्या डोक्यातच नव्हतं, बरं झालं सांगितलंत! बाहेर ओघळलेलं इपॉक्सी सुकल्यावर काढू की लगेच?

उत्तर २:
लगेच, ओलं असतानाच. कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून पुसा. मग २४ तास हात लावू नका, डब्यावर जास्त वेळ लिहिला असेल तर तेवढा थांबा.

उत्तर १:
आणि निघाल्यावर लगची टेप काढून, स्क्रू आवळून तीच बोटाची परीक्षा परत करा. नळी हलली नाही म्हणजे जमलं.