इमोशनल डिपेंडन्सीला बोलीत काय म्हणायचं?

प्रश्न (परभणी): लहान बहीण लातूरला हॉस्टेलवर नीटची तयारी करते. रूममेट नीट बोलली तर दिवस चांगला, नाही बोलली की जेवण बंद, मग रात्री मला फोन करून रडणं. तिला समजावायचंय पण 'भावनिक परावलंबित्व' म्हणलं की ती फोनच ठेवील. आपल्याकडं काय म्हणतात याला?

उत्तर (औसा): जीव गुंतलाय म्हणतात की. नाहीतर 'तिच्या नादी लागली'.

उत्तर (लातूर): 'नादी लागली' तर अजिबात म्हणू नका, त्यात रूममेट वाईट ठरते आणि बहीण येडी ठरते, दोघींचाही अपमान. 'जीव गुंतणं' चांगला शब्द आहे पण त्यात बिघडलेलं काहीच नाही, लेकरात आईचा जीव गुंततोच. मला 'आहारी जाणं' जवळचं वाटतं. रागाच्या आहारी, व्यसनाच्या आहारी म्हणतो तेव्हा माणूस वाईट आहे असं म्हणत नाही, त्याचा ताबा सुटलाय एवढंच म्हणतो. जुनी माणसं 'परस्वाधीन' म्हणायची, तोही नेमका आहे, आपलं सुखदुःख दुसऱ्याच्या हातात.

काहीजण 'सहअवलंबित्व' लिहितात, ते कोडिपेंडन्सीचं भाषांतर. तो शब्द अमेरिकेत दारू सोडवणाऱ्यांच्या वर्तुळातून आला, पिणाऱ्याला सांभाळता सांभाळता ज्यांचं स्वतःचं जगणं संपतं अशा घरच्यांसाठी. १९८६ साली ॲरिझोनातल्या फीनिक्सला अशा लोकांचा स्वतंत्र मदतगट पण सुरू झाला. मराठीत मात्र 'सह' लावला की एकमेकांना धरून राहणं असा चांगला अर्थ निघतो, आणि ते तर आपल्याला पाहिजेच, घरची माणसं ऊसतोडीला गेल्यावर मागं राहिलेली लेकरं आजीच्या आणि शेजाऱ्यांच्या आधारानंच वाढतात, त्याला कोण आजार म्हणील? म्हणून आधार घेण्याला नावं ठेवणारा शब्द मला नको वाटतो.

पण खरं सांगू का, बहिणीशी बोलताना नावापेक्षा तिच्या वाक्यातला 'च' ऐका. अल्बर्ट एलिस म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, १९५५ च्या सुमारास त्यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, आपल्याकडं कि. मो. फडक्यांनी ती पोचवली. एलिस यांचं म्हणणं असं की 'हवंसं वाटणं' वेगळं आणि 'असायलाच पाहिजे' वेगळं. मराठीत हा फरक एका अक्षरात बसतो. 'तिनं माझ्याशी बोलावं' ही इच्छा झाली, पुरी नाही झाली तर वाईट वाटतं, थोड्या वेळानं माणूस डबा उघडून जेवतो. 'तिनं बोलायलाच पाहिजे' म्हणलं की मग ब्लू टिक दिसूनही रिप्लाय नाही आला की आपण कुणालाच नको आहोत इथपर्यंत मन जातं, आणि डबा तसाच झाकून राहतो, संध्याकाळी भाजीला वास येतो. मी हॉस्टेलच्या पोरींसोबत काम करते, हे रोज बघते.

प्रश्न (परभणी): म्हणजे तिला 'च' काढून बोल म्हणू?

उत्तर (लातूर): नुसतं बोलून होत नाही. तिलाच ते वाक्य वहीत लिहायला लावा, आधी 'च' सकट, मग 'च' खोडून, आणि दोन्हीला काय वाटतं ते विचारा. रूममेटशी बोलणं तोडायला सांगू नका, माणूस तोडून हे सुटत नाही, उलट तो 'च' तुमच्यावर येऊन बसतो, मग तुम्ही फोन उचलायलाच पाहिजे. जेवणाला दुसऱ्या दोघीतिघींसोबत बस म्हणा. रात्रीच्या फोनची वेळ ठरवा आणि ती तुम्हीपण पाळा, उचलायचं म्हणलं की उचला. अधूनमधून तिला पेपर कसा गेला हे न विचारता आज काय खाल्लं ते विचारा. जेवण बंद होणं आठवड्यावर गेलं किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही बोलली तर शब्द शोधत बसू नका, टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलतात, आणि त्याच दिवशी लातूरला निघा.

उत्तर (औसा): नादी लागणं मागं घेतो. आहारी जाणंच बरं आहे.