ट्रायल्स सायकलची मागची रिम : वजन बघायचं की जाडी?

खडकेश्वर
माझ्या २६ इंची ट्रायल्स सायकलची (दगडांवर, कठड्यांवर उड्या मारायची सायकल) मागची रिम निकालात निघाली आहे. ४७ मिमी रुंद, सिंगल वॉल (एकाच थराची), स्पोकांच्या मधल्या जागेत वजन कमी करायला मोठाली भोकं पाडलेली. एका कडेला पोचा आलाय, तो चालवून घेतला असता. पण उजव्या बाजूच्या दोन स्पोकांच्या बुडाशी बारीक चिरा दिसायला लागल्यात, म्हणजे विषय संपला. चाकाच्या मधला हब ठणठणीत आहे, ३२ स्पोकांचा. ब्रेक मागुरा एचएस ३३, म्हणजे रिमच्या भिंती दाबणारा हायड्रॉलिक; त्या भिंतींवर पकडीसाठी ग्राइंडर मारलेला.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. यावेळी भोकांची रिम नको. डबल वॉल, भरीव, ३८-४० मिमी रुंद असली तरी चालेल, वर दोनशे ग्रॅम जास्त भरली तरी हरकत नाही. प्रत्येक उडी मागच्या चाकावरून सुटते आणि बहुतेक वेळा त्याच्यावरच येऊन आदळते. तिथे ग्रॅम मोजत बसायचं कशाला?

हलकाफुलका
साफ असहमत. दोनशे ग्रॅम कुठे वाढतायत ते बघा. शरीरापासून सगळ्यात लांब, आणि तेही फिरणाऱ्या भागात. रिमचं वजन पुढे ढकलायचं आणि गरगरायचंही, म्हणजे त्याच वेगाला ऊर्जा जवळजवळ दुप्पट लागते. पेडल किकमध्ये (पेडलला झटका देऊन मारलेल्या उडीत) चाक दर वेळी शून्यापासून उचलायचं असतं. स्पर्धेच्या रिमा भोकांच्या असतात ते उगाच नाही.

गणित_मास्तर
दुप्पट, पण कशाच्या? सेकंदाला दोन मीटर धरा, किकला तेवढा वेग पुष्कळ झाला. त्या वेगाला दोनशे ग्रॅम जास्तीच्या रिमला ०.८ ज्यूल जादा लागतात. तेच दोनशे ग्रॅम एक मीटर वर न्यायला साधारण दोन ज्यूल. आणि स्वार अधिक सायकल मिळून ७५ किलो एक मीटर उचलायला सातशेच्या वर. तुमचा फरक पाव टक्क्याच्या आसपास आहे. आदल्या रात्रीच्या झोपेने याहून जास्त फरक पडतो.

हलकाफुलका
मास्तर, आकडेमोड बरोबर आहे, उदाहरण चुकीचं घेतलंत. साइडहॉपमध्ये (बाजूच्या उंच कडेवर मारलेल्या उडीत) ७५ किलोचं गाठोडं एकदम वर जात नाही. आधी शरीर वर जातं, मग पाय पोटाशी घेऊन सायकल खालून ओढून घ्यायची. त्या शेवटच्या ओढीत पायांखाली फक्त सायकल असते, नऊ-दहा किलोची, आणि त्यातलंही मागचं टोक. मागचं चाक कडेवर पोचतं की कडेला थडकतं ते तिथे ठरतं. दोनशे ग्रॅमची तुलना त्या नऊ किलोंशी करा, माझ्याशी नको.

गणित_मास्तर
हे मान्य. तरी दोन टक्केच.

हलकाफुलका
अडतं ते त्या दोन टक्क्यांवरच!

कर्कश
तुम्ही दोघं तराजू घेऊन बसलात आणि धागाकर्त्याचा ब्रेक कोणता हे कोणी वाचलंच नाही. ग्राइंडर मारलेली रिम! तिथे पहिला प्रश्न भिंतीच्या जाडीचा. अँगल ग्राइंडरने आडवे ओरखडे काढले की पॅड कसा चावतो, ओल्यातही कसा धरतो, हे ज्याने वापरलंय त्याला सांगायला नको. (शेजारपाजारच्यांनाही नको, किंचाळी ऐकू येतेच.) पण ते ओरखडे बोथट होतात, पुन्हा ग्राइंडर मारावा लागतो आणि दर वेळी धातू जातो. पातळ भिंतीच्या रिमला हे फार वेळा परवडत नाही. भिंतीवर पट्टी उभी धरून बघा, मधे उजेड दिसायला लागला की समजायचं, भिंत झिजली. पुढे टायरच्या दाबाने भिंत बाहेर फाकते, आणि लॉक झालेलं चाक नेमकं तिथे येऊन थांबलं की पॅड कुठे घट्ट, कुठे सैल. भोकं असोत-नसोत, ब्रेकच्या भिंतीला मांस असलेली रिम घ्या.

बाकी ३८ मिमीला माझा विरोध. २.५ चा टायर, हवा कमी, आणि रेलिंगवर तिरकं उतरायचं. अरुंद रिमवर टायर बाजूला लोळतो. ४७ ला जी बैठक मिळते ती ३८ ला नाही.

खडकेश्वर
@कर्कश, भिंतीचं पटलं. पण रुंद रिमची कड टायरच्या बरोबरीने बाहेर येते आणि दगडाचा पहिला फटका तीच खाते, त्याचं काय? माझा पोचा तसाच आलाय.

कर्कश
थोडी हवा वाढवा. पोचा पकडीने सरळ होतो, लोळलेल्या टायरवरून पडलेला माणूस तेवढ्या लवकर सरळ होत नाही.

चकतीवाला
एवढं रामायण करण्यापेक्षा मागे डिस्क ब्रेक लावा. रिम वाकडी होवो, पोचे येवोत, ब्रेकला पत्ताच लागत नाही.

कर्कश
चकती दगडावर आपटली की मग पत्ता लागतो. शिवाय रिम ब्रेकमध्ये जोर टायरवरून रिमला आणि तिथल्या तिथे पॅडला जातो. डिस्कमध्ये तोच जोर स्पोकांतून हबपर्यंत जायचा. कडेवर मागच्या चाकावर तोल धरून उभं असताना ती बारीक लवचीकता मला जाणवते.

चकतीवाला
नीट ताणलेल्या, तीनदा ओलांडलेल्या स्पोकांवर मला तरी जाणवत नाही. असो, यांच्या हबला डिस्कची सोय नसेल तर माझा सल्ला बाद.

नवखा
जरा अवांतर. माझी २० इंची आहे. मागे बीएमएक्सची दणकट डबल वॉल रिम बसेल का?

आरेकरी
बहुधा नाही. २० इंची ट्रायल्सचं मागचं चाक खरं तर १९ इंची असतं, टायरची बैठक ३८७ मिमी व्यासाची. बीएमएक्सची ४०६. टायरवर छापलेला आकडा वाचा, नावावर जाऊ नका.

आता मूळ प्रश्नाकडे. खडकेश्वर, तुमच्या चिरा मधल्या मोठ्या भोकांतून निघालेल्या नाहीत, स्पोकांच्या बुडाशी आहेत, आणि त्याही उजवीकडे. हबची उजवी कडा (जिच्यात स्पोक अडकतात) मध्याच्या जवळ असते म्हणून त्या बाजूचे स्पोक जास्त ताणलेले असतात. दर वेळी आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढताना नुसतं आवळतच गेलं की पातळ सिंगल वॉल रिम तिथेच थकते. म्हणजे ज्या भोकांवर तुम्ही खापर फोडताय त्यांचा या चिरांशी संबंध असेलच असं नाही. डबल वॉल घेतलीत आणि ताण तसाच ठेवलात तर चिरा उशिरा येतील, एवढंच.

दुसरं म्हणजे जुने स्पोक वापरायचा बेत असेल तर आधी ईआरडी जुळवा, म्हणजे स्पोकांची टोकं निपलमध्ये (रिमला स्पोक धरणाऱ्या लांबट नटात) जिथे संपतात त्या वर्तुळाचा व्यास. डबल वॉलमध्ये तो सहसा कमी भरतो. व्यास चार मिमीने घटला तर प्रत्येक स्पोक दोन मिमीने लांब ठरतो आणि निपलमधून वर डोकावतो. मग ३२ नवे स्पोक आले.

खडकेश्वर
आवळत गेलो हे खरं, पण रिम तेवढं सोसणारी नको का? भरीवच घेतोय. कर्कश म्हणतात तशी जाड भिंतीची, रुंदी ४२ च्या आसपास मिळाली तर बघतो. स्पोकही नवे.

हलकाफुलका
घ्या. पहिल्या उंच साइडहॉपनंतर इथेच लिहा, चाक कडेवर गेलं की कडेला.

आरेकरी
आणि निपल पितळेचेच घ्या. वजन वाचवायला अ‍ॅल्युमिनियमचे घेतलेत तर आवळताना गोल होतील.

हलकाफुलका
आता निपलवरून सुरू करू का?