नाशिकात राहून नुसत्या कलात्मक फोटोग्राफीवर पोट भरेल का? सल्ला हवा

गोदाकाठची:
नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ३१. सातपूरला एका कंपनीत क्वालिटीला आहे, नऊ वर्षं झाली. चार वर्षांपूर्वी सेकंडहँड कॅमेरा घेतला (२४ मेगापिक्सेल, सोबत ३५ आणि ८५ मिमीच्या लेन्स) आणि तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी पहाटे गोदाघाटावर असते. लग्नं, बारशी, प्री-वेडिंग करत नाही आणि खरं सांगायचं तर करायचीही नाहीत. मी काढते ते पूर ओसरल्यावर भिंतींवर उरलेल्या रेघा, पायऱ्यांवरचा गाळ, वाळत घातलेली धोतरं, बंद टपऱ्या. माणसं कमीच. आई म्हणते, "एवढ्या पहाटे उठून जातेस आणि फोटो कशाचे आणतेस, तर चिखलाचे."

आता नोकरी सोडून हेच पूर्णवेळ करावं असं डोक्यात आहे. वर्षभर पुरेल एवढी शिल्लक आहे, कर्ज नाही, आईबाबांसोबत राहते. पण असले फोटो विकत घेणारं नाशकात कोणी आहे का, की मुंबई गाठल्याशिवाय गत्यंतर नाही? किंमत कशी लावायची? आणि ३१ ला सुरुवात म्हणजे फार उशीर झाला का?

अजून एक. गेल्या वर्षी एका रिसॉर्टने (नाव नको) माझा पुरातल्या दुतोंड्या मारुतीचा (गोदापात्रातली मोठी मूर्ती) एक जुना फोटो २५०० रुपयांना घेतला, रिसेप्शनला लावायला म्हणून. मीही खुशीत अख्खी फाइल पाठवून दिली. दिवाळीत बघते तर तोच फोटो त्यांच्या कॅलेंडरवर, नाव नाही गाव नाही. विचारलं तर म्हणे, "ताई, पैसे दिलेत ना." यात माझी काही बाजू आहे का?

सिडकोवासी:
नोकरी सोडू नका. बाकी चर्चा चालू द्या.

घाटमाथा:
वयाचं मनातून काढून टाका. आपल्या त्र्यंबकचे दादासाहेब फाळके सिनेमात येण्याआधी गोध्र्याला फोटोग्राफर होते, मग छपाईच्या धंद्यात पडले. जन्म १८७० चा आणि पहिला चित्रपट १९१३ ला, म्हणजे त्रेचाळिसाव्या वर्षी. अर्थात त्यासाठी बायकोचे दागिने गहाण पडले, तेवढं मात्र करू नका.

इंडिगो_पट्टा:
आधी कॅलेंडरचं, कारण त्यात तुमची बाजू भक्कम दिसते. कॉपीराइट कायदा १९५७ चा. फोटो तुम्ही आपल्या मनाने काढलात, त्यांनी सांगितलं म्हणून नाही, तेव्हा पहिला हक्क तुमचा. तो हक्क दुसऱ्याला द्यायचा किंवा वापराची परवानगी द्यायची तर लेखी लागते. फाइल पाठवली म्हणजे हक्क गेला असं होत नाही. शिवाय फोटोला कर्त्याचं नाव लागावं हा हक्क कलम ५७ मध्ये वेगळा आहे, तो कॉपीराइट विकल्यावरही कर्त्याकडेच राहतो. एकदम नोटीस नको. साधा मेल टाका: फोटो रिसेप्शनपुरता दिला होता, कॅलेंडरचा वापर वेगळा, त्याचे इतके पैसे. बहुतेक जण इथेच नरमतात.

आता याची उलटी बाजू, जी धंद्यात पडलेल्या कितीतरी जणांना ठाऊक नसते. उद्या एखाद्याने तुम्हाला पैसे देऊन सांगितलं की आमच्या वाड्याचे फोटो काढून द्या, तर कलम १७ प्रमाणे त्या फोटोंचा पहिला मालक तो, तुम्ही नाही. तसा करार आधी केला असेल तरच हक्क तुमच्याकडे राहतो. म्हणून प्रत्येक कोटेशनखाली दोन ओळी हव्यात: हक्क माझ्याकडे, वापर अमुक कामासाठी, अमुक वर्षं. आणि कधी हक्क लिहून दिलेत तर मुदत आणि प्रदेश लिहाच. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर अख्खा भारत.

पैशाचं थोडक्यात. सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. पण प्रिंट ही वस्तू झाली. ती दुसऱ्या राज्यात विकली की ही सूट सहसा चालत नाही. ऑनलाइन विक्रीचा विचार असेल तर आधी सीएकडे चक्कर मारा. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) मोफत आहे, कोणी पैसे मागितले तर उठून या.

दुतोंड्या:
माझ्या नावाच्या देवाचा फोटो चोरला म्हणताय, तेव्हा लिहिणं भाग आहे. :)

मी अठरा वर्षं लग्नं काढतोय. त्याच्या जोरावर अकरा वर्षं लासलगावच्या कांदा मार्केटचं माझं स्वतःचं काम चालू आहे. तुमच्या मुख्य प्रश्नाचं रोखठोक उत्तर: फक्त प्रिंट विकून घर चालवणारा माणूस माझ्या माहितीत या गावात नाही. मुंबईतही माझ्या ओळखीत दोनच. बाकी सगळ्यांचं कालवण असतं. कोणी शिकवतं, कोणी आर्किटेक्टच्या इमारती काढतं, कोणी दिंडोरीकडच्या वायनरींचं काम करतं. याला कमीपणा मानू नका. मला वर्षातून तिथीचे पन्नासेक दिवस मरमर मरावं लागतं, बाकी दिवस माझे. नोकरीत हे गणित उलटं असतं.

लग्नं करायची नसतील तर नका करू, पण कारण तपासून घ्या. "हलकं काम आहे" म्हणून नको असेल तर माझं ऐका, चार तासांच्या गर्दीत, वाईट ट्यूबलाइटमध्ये, रुसलेल्या मामांसकट अख्खं कुटुंब एका चौकटीत बसवणं हलकं नसतं. पण तुमचे फोटो माणसांचे नाहीतच. तुम्ही भिंती बघता. मग तुमचं पोटाचं काम इमारतींचं. गावात जुने वाडे पडतायत, नवे टॉवर उठतायत, दोन्हींना फोटो लागतात.

आता खरं सांगायचंय ते. तुमच्याकडे चार वर्षांचं एकाच जागेचं काम आहे, ही तुमची खरी शिल्लक. बँकेतली नव्हे. दुतोंड्याच्या कुठपर्यंत पाणी आलं यावर गावाने पिढ्यान्‌पिढ्या पूर मोजला. २०१६ आणि २०१९ चे पूर लोकांना अजून आठवतात, सराफ बाजारात पाणी शिरलं होतं. पण ओसरल्यानंतरच्या चौथ्या दिवशी तिथे कोण जातं? तुम्ही जाता. ते काम एकत्र बांधा. चाळीस फोटो, एक क्रम, प्रत्येकाखाली जागा आणि तारीख. तारीख विसरू नका, दहा वर्षांनी त्या फोटोची निम्मी किंमत तारखेचीच असेल.

आणि सिंहस्थ. २०२७ च्या ऑगस्टमध्ये जगभरातून कॅमेरे येतील आणि प्रत्येकाला जटा, भस्म आणि उडी पाहिजे असेल. त्या गर्दीत तुम्ही घुसू नका. घाटावर आत्ता जे फोडलं आणि बांधलं जातंय ते काढा, आणि पर्वणी संपल्यावर पंधरा दिवसांनी परत जा. बाहेरचा माणूस तोवर विमानात बसलेला असतो. ड्रोनचा मोह मात्र आवरा. देवळालीला तोफखाना आणि ओझरला विमानतळ, या पट्ट्यात उडवायचं म्हणजे नसती आफत. पांडवलेण्यांवर ट्रायपॉड न्यायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, हेही धरून ठेवा.

सिडकोवासी:
@दुतोंड्या, म्हणजे मी एका ओळीत म्हटलं तेच तुम्ही पानभर लिहिलंत. नोकरी सोडू नका.

दुतोंड्या:
नाही हो. मी म्हणतो सोडा, पण प्रिंटच्या भरवशावर नको.

वीटकाम:
मी इंटिरिअर करते, गंगापूर रोडला. खरेदी करणाऱ्यांच्या बाजूने सांगते.

नाशकात भिंतीवर पैसे घालणारे लोक आहेत, पण दहातल्या सात जणांना सात घोडेच हवे असतात. धावणारे, पूर्वेच्या भिंतीवर, वास्तुवाल्याने सांगितलेले. उरलेल्या तिघांवर आपलं दुकान चालतं. हे तिघे बहुधा डॉक्टर, वकील, नाहीतर पुण्या-मुंबईहून इकडे घर करणारे. त्यांना नाशिकचं काहीतरी हवं असतं, पण देवळाच्या कळसाचं पोस्टकार्ड नको असतं. घाटाची जलरंगातली चित्रं करणाऱ्यांची इथे जुनी परंपरा आहे, त्यामुळे "गोदाघाट भिंतीवर" ही कल्पना लोकांना परकी नाही. फोटोला मात्र अजून "हा तर मोबाइलनेही येतो" हे ऐकावं लागतं. त्यावर वाद घालून उपयोग नसतो. मोठा प्रिंट समोर धरला की वाद आपोआप संपतो.

एक अनुभव. एका क्लायंटच्या दवाखान्यात दुसऱ्या एका फोटोग्राफरचे भांडीबाजाराचे तीन फोटो लावले. पेशंट थांबलेले असताना त्यातलं आपल्या मामाचं दुकान शोधत बसतात. डॉक्टरांनी पुढच्या वर्षी स्वतःहून आणखी दोन मागवले. तेव्हा चिखल असू द्या, पण कुठला चिखल ते ओळखू आलं पाहिजे.

आम्हा लोकांना भेटायला याल तेव्हा इन्स्टाग्राम उघडून दाखवू नका, चार प्रिंट घेऊन या. आमच्यातले बरेच जण कमिशन मागतात, तेही किमतीत आधीच धरा. गॅलऱ्या तर तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत घेतात.

चौकट_आणि_काच:
मेनरोडला वडिलांपासून फ्रेमिंगचं दुकान आहे. वीटकाम ताईंचं शंभर टक्के खरं. (सात घोड्यांनी माझ्या मुलाची फी भरली आहे, घोड्यांना नावं ठेवू नका.)

तुमच्या कॅमेऱ्याची फाइल ६००० बाय ४००० पिक्सेलची असणार. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) २० बाय १३ इंच उत्तम येतं, भिंतीवर दुरून बघायचं असेल तर २०० ला ३० बाय २० पर्यंत ताणता येतं. त्यापुढे फ्लेक्स समजा. कागद कॉटनचा, आम्लविरहित, शाई पिगमेंटची. लॅबमधला चकचकीत स्वस्त प्रिंट उन्हाच्या भिंतीवर काही वर्षांत पिवळट पडतो आणि गिऱ्हाईक तुम्हाला शिव्या देतं, लॅबला नाही. मागचा पुठ्ठा आणि माउंटही आम्लविरहितच घ्या. इथे सगळे वाचवायला बघतात आणि डाग तिथूनच चढतो. काच आणि फोटो एकमेकांना चिकटता कामा नये. पावसाळ्यात ओल धरली की फोटो काचेला बसतो, मग निघत नाही.

किमतीचं माझ्या दुकानातलं गणित: प्रिंट, फ्रेम, काच, रिक्षाभाडं सगळं धरून जो खर्च होईल त्याच्या निदान तिप्पट. कमी लावलात तर कमिशन गेल्यावर तुमच्या हातात पहाटेच्या चहाचे पैसेही उरत नाहीत. एका फोटोचे किती प्रिंट काढणार तो आकडा आधी ठरवा, दहा म्हणा, मागे पेन्सिलीने १/१०, २/१० लिहा, सही करा आणि वहीत नोंद ठेवा. अकरावा काढायचा नाही. ओळखीच्याने मागितला तरी नाही. आणि सगळीकडे एकच भाव. मावशीला ८०० आणि डॉक्टरांना ८००० असं झालं की नाशिक केवढं आहे, आठवड्यात कळतं.

गोदाकाठची:
बाप रे, एवढं सगळं! सगळ्यांचे मनापासून आभार. वेळ काढून लिहिलंत.

रिसॉर्टला मेल केला. उत्तर दोन तासांत आलं, "मॅनेजर बाहेरगावी आहेत." बघू. @चौकट_आणि_काच काका, मावशीला खरंच ८०० ला दिलाय हो, तुम्हाला कसं कळलं?

@दुतोंड्या दादा, लग्नांबद्दल हलकं काम असं मनात नव्हतं. मला माणसांना "इकडे बघा" म्हणायला जमत नाही, एवढंच. इमारतींचं मात्र डोक्यातच आलं नव्हतं. अजून एक विचारते, प्रदर्शन आधी की पुस्तक आधी?

पंचवटी_एक्सप्रेस:
प्रदर्शनाचं मी सांगतो, दोन केलीत. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीला अर्ज आत्ताच करून ठेवा, कारण नंबर लागायला वर्षं जातात, महिने नाही. त्यावर अवलंबून मात्र राहू नका. मुंबईतच एनसीपीए या कलाकेंद्रातली पिरामल गॅलरी फोटोग्राफीसाठीच आहे, जमेल तेव्हा सकाळच्या गाडीने जाऊन तिथली प्रदर्शनं बघून या. फोटो कसे टांगलेत, दोन फ्रेममध्ये किती जागा सोडलीय, मजकूर किती कमी लिहिलाय, हे बघायला जायचं. पहिलं प्रदर्शन गावातच करा. कुसुमाग्रज स्मारकात चौकशी करा. माझ्या पहिल्या प्रदर्शनात तीन प्रिंट विकले गेले, त्यातले दोन नातेवाइकांनी घेतले. पण तिसरा माणूस अजून दरवर्षी एक घेतो.

अनुदानाचंही बघा. बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था १९९५ पासून कलाकारांना प्रकल्पासाठी पैसे देते. तुमच्यासारखं एका जागेचं, अनेक वर्षांचं काम असेल तर अर्ज लिहायला मुद्दा असतो. स्पर्धांच्या नादी फार लागू नका. प्रवेश फी भरून भरून लेन्सचे पैसे जातात आणि हळूहळू आपण परीक्षकांना आवडेल ते काढायला लागतो. माझी तीन वर्षं त्यात गेली.

पुस्तक नंतर. आधी घरच्या प्रिंटरवर साध्या कागदाची डमी (पुस्तकाची नमुनाप्रत) करा, ती महिनाभर टेबलावर पडू द्या.

सिडकोवासी:
एवढं वाचून आता मलाच कॅमेरा घ्यावासा वाटतोय. तरी म्हणतो, या पावसाळ्यापर्यंत पगार घ्या.

गोदाकाठची:
घरी बोलणं झालं. मार्चपर्यंत नोकरी करणार, बोनस घेऊनच बाहेर. तोवर दोन आर्किटेक्टची कामं सुट्टीच्या दिवशी करून बघते. @वीटकाम ताई, तुम्हाला वैयक्तिक निरोप टाकलाय. चाळीसची निवड करायला बसले तर एकशे बारा निघाले, त्यातले नव्वद सारखेच वाटायला लागलेत.

आणि हो, रिसॉर्टच्या मॅनेजरांचा फोन आला. पैसे देतील म्हणाले, पण "पुढच्या कॅलेंडरला द्राक्षांचे बारा फोटो फुकट देणार का" असं वर विचारलं.

इंडिगो_पट्टा:
लेखी मागा. पैसेही आणि द्राक्षंही.

दुतोंड्या:
एकशे बारा घेऊन रविवारी सकाळी सातला नारोशंकराच्या देवळापाशी या. चार बाय सहाचे स्वस्त प्रिंट काढून आणा, मोबाइलवर नको. पायऱ्यांवर मांडू आणि काढून टाकायला सुरुवात करू. आईंनाही घेऊन या, चिखल कुठला ते त्यांना बरोबर कळेल.