महिन्याची गोळी, पण चहा तासाभराने

ताई, घोडबंदरला राहणाऱ्या तुमच्या आई हाडांच्या ठिसूळपणावरची आठवड्याची गोळी, ७० मिग्रॅ अ‍ॅलेन्ड्रोनेट विसरतात, म्हणून महिन्याची १५० मिग्रॅ आयबॅन्ड्रोनेट चालेल का, असं विचारलंत. चालते; फक्त खुब्याचं हाड मोडू नये यासाठीचा पुरावा आठवड्याच्या गोळीचाच जास्त भक्कम आहे, हे डॉक्टरांशी बोलून घ्या.

महिन्याची गोळी घ्यायची ती उठल्याबरोबर अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, न चावता. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी नको, त्यातल्या कॅल्शियममुळे औषध शोषलं जात नाही. चहा-नाश्ताही तासाभराने. तोवर आडवंही व्हायचं नाही, गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे व्रण होतो.

गोळ्यांऐवजी डेनोसुमॅबचं सहामाही इंजेक्शन घेतलंत तर पुढची तारीख अजिबात लांबवू नका; उशिरामुळे मणके मोडल्याची उदाहरणं आहेत.