घरचा ऑल-इन-वन इंकजेट: दोन पावसाळे चाललेल्यांचे अनुभव हवेत

घरासाठी परवडणारा ऑल-इन-वन प्रिंटर (प्रिंट, स्कॅन, कॉपी) घ्यायला दुकानात गेलं की दोनच गोष्टी ऐकायला मिळतात: किंमत, आणि एका बाटलीत किती हजार पानं. ज्यांच्याकडे मशिन निदान दोन पावसाळे चाललं आहे त्यांनी इथे आपल्या गावाचं नाव टाकून लिहावं. नुसतं 'मस्त चाललाय' किंवा 'अजिबात घेऊ नका' नको. शाई कोणती, काय बिघडलं, का बिघडलं आणि कशाने सुटलं, हे लिहा. वाचणाऱ्याचे पैसे त्यानेच वाचतील.

सुरुवात पानांच्या आकड्यापासून करतो. एप्सन एल ३२१० आणि एल ३२५० या दोन्हींना ००३ नंबरची शाई लागते. बाटली ६५ मिलीची. काळीची ४५०० पानं आणि तिन्ही रंग मिळून ७५०० पानं, असा कंपनीचा आकडा. तो ठरावीक नमुना पानांवर काढलेला असतो आणि त्या पानांचा मोठा भाग कोराच असतो. अर्ज, प्रश्नपत्रिका, तिकिटं छापत असाल तर तुम्ही त्या आकड्याच्या आसपास राहता. मुलांच्या प्रोजेक्टसाठी रायगडाचा पानभर रंगीत फोटो काढलात तर त्या एका पानात हिशोबातली कितीतरी पानं जातात. शिवाय पहिल्या भरणीतली बरीच शाई नळ्या आणि हेड (कागदावर शाई सोडणारा भाग) भरण्यातच खर्च होते. म्हणून पानामागचा खर्च दुसऱ्या बाटलीपासून मोजा.

ठाणे

टाकीवाला (बाटलीतली शाई टाकीत ओतायची) की कार्ट्रिजवाला (शाईची डबीच बदलायची), हे किमतीवरून नाही तर महिन्याच्या पानांवरून ठरवा.

सर्वात स्वस्त मशिनमध्ये दोन कार्ट्रिज असतात, एक काळं आणि एक तिरंगी. तिरंग्यातला पिवळा संपला की निळा आणि गुलाबी शिल्लक असूनही पूर्ण कार्ट्रिज बदलायचं. मशिनसोबत मिळणारं कार्ट्रिज पुष्कळदा कमी भरलेलं असतं, त्यामुळे पहिला खर्च लवकर अंगावर येतो. सिरिंजने रिफिल करता येतं, पण काही वेळाच. या हेडमध्ये बारीक हीटर असतात आणि त्यांना थंड ठेवण्याचं काम शाईच करते. अक्षरं फिकट येत असतानाही छापत राहिलं की हीटर जळतात, मग कितीही शाई भरा, उपयोग नाही.

तरीही कार्ट्रिजला सरसकट वाईट म्हणणार नाही. महिन्याला दहा-पंधराच पानं असतील तर त्याचा एक मोठा फायदा आहे: हेड कार्ट्रिजवरच असतं, सुकलं तर नव्या कार्ट्रिजबरोबर नवं हेड मिळतं. एप्सनच्या टाकीवाल्या मशिनमध्ये हेड कायमचं बसवलेलं असतं आणि ते बदलण्याचा खर्च ऐकून लोक नवं मशिन घेतात. कॅननच्या जी मालिकेत हेड सुटं काढता येतं. महिन्याला पन्नासच्या वर पानं असतील तर मात्र टाकीवालाच घ्या. फक्त काळा मजकूरच हवा असेल तर साधा लेझर बघा. त्याची पावडर सुकत नाही.

नाशिक, दुरुस्तीच्या कामातून

दुरुस्तीला येणारी घरगुती मशिनं वापरून झिजलेली नसतात, बसून बिघडलेली असतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत घर बंद, जूनमध्ये शाळा सुरू, आणि पहिलंच पान पट्ट्यापट्ट्यांचं.

पहिलं कारण भिंतीवरचं बटण. मशिन स्वतःच्या पॉवर बटणाने बंद केलं की हेड उजव्या कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीवर बसतं आणि हवाबंद होतं. छपाई चालू असताना भिंतीवरचं बटण दाबलं, किंवा लाइट गेली, की हेड अधेमधे उघडं राहतं. आधी मशिनचं बटण, त्याचा दिवा विझू द्या, मग भिंतीवरचं. लाइट गेली असेल तर आल्यावर एकदा चालू करून रीतसर बंद करा.

दुसरं, आठवड्याला एक पान छापायचंच, आणि तेही चारही रंगांचं. काळा मजकूर रोज छापूनसुद्धा बाकीचे तीन रंग सुकलेली मशिनं येतात.

पट्टे आले तर थेट क्लीनिंग (मशिन शाई ओढून हेड साफ करतं ते) लावू नका. आधी नॉझल चेक काढा, म्हणजे हेडच्या कुठल्या छिद्रातून शाई येत नाही ते दाखवणारं पान. एल ३११० सारख्या स्क्रीन नसलेल्या एप्सनवर मशिन बंद करून स्टॉपचं बटण दाबून धरायचं आणि तसंच चालू करायचं. कागदावर चार रंगांत पायऱ्यांसारख्या बारीक रेघा येतात. कुठली पायरी तुटली आहे ते बघा. मग पुन्हा एकदा काढा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. तुटलेली जागा दोन्हीत तीच असेल तर बहुधा नॉझल सुकला आहे. जागा बदलत असेल तर नळीत हवा शिरली आहे. हवा असेल तर क्लीनिंगने शाईच वाया जाते, मशिनला रात्रभर विश्रांती द्यायची.

सुकलेलं असेल तर एक क्लीनिंग, मग नॉझल चेक. असं जास्तीत जास्त तीन वेळा. तरी फरक नसेल तर किमान १२ तास मशिनला हात लावू नका, नंतर परत चेक. घट्ट झालेली शाई त्या वेळात भिजते. त्यानंतरही तुटक असेल तरच पॉवर क्लीनिंग (जास्त शाई ओढणारी जोरदार सफाई), आणि त्याआधी चारही टाक्या निदान एक तृतीयांश भरलेल्या हव्यात, नाहीतर नळ्यांत हवा ओढली जाते.

एक गोष्ट कुणी बघत नाही. त्या रबरी टोपीच्या कडेवर सुकलेल्या शाईचा थर किंवा एखादा केस असेल तर टोपी हेडला नीट चिकटत नाही. मग क्लीनिंगच्या वेळी पंप शाईऐवजी हवा ओढतो आणि दहा क्लीनिंग करूनही काही होत नाही. धागे न सुटणारं कापड डिस्टिल्ड वॉटरमध्ये ओलं करून कड हलक्या हाताने पुसा. हेडमध्ये सिरिंजने जोर लावून पाणी मारू नका. आतले पडदे फाटले की रंग एकमेकांत मिसळतात आणि ते हेड गेलंच.

पुणे

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन, आणि एक पुस्ती. क्लीनिंगची शाई जाते कुठे? तळाशी स्पंजासारखे पॅड असतात, त्यात. किती शाई गेली हे मशिन आकड्यांत मोजतं, आणि आकडा भरला की छपाई थांबवतं. कॅनन जी २०१० वर त्याचा कोड ५बी०० आहे. नेटवर मिळणारं रिसेट सॉफ्टवेअर फक्त आकडा शून्य करतं, पॅड भिजलेलाच राहतो आणि पुढे शाई टेबलावर उतरते. पॅड बदला, मग रिसेट करा. कॅननच्या जी २०२०, जी ३०२० मध्ये त्यासाठी मेंटेनन्स कार्ट्रिज आहे, एमसी-जी०२ नावाचं, ते घरीच बदलता येतं. नवं घेताना ही सोय आहे का ते जरूर विचारा. बिनकडेचे फोटो छापताना कागदाबाहेर उडालेली शाईही वायाच जाते, म्हणून गरज नसेल तर पांढरी कड ठेवा.

रत्नागिरी

आमच्याकडे जून ते सप्टेंबर कागद हाच मुख्य प्रश्न. उघडा कागद हवेतलं पाणी पितो, कडा वळतात, दोन-दोन पानं एकदम ओढली जातात. ५०० कागदांचं रीम फोडलं की लागतील तेवढे वीस-पंचवीसच ट्रेमध्ये ठेवा, बाकीचे जाड प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बंद करून. मागच्या ट्रेमध्ये कागद रात्रभर उभे ठेवू नका, सकाळी वाकलेले मिळतात. ७० जीएसएमपेक्षा (कागदाच्या वजनाचं माप) ७५ जीएसएम इथे जास्त सरळ राहतो. ठेवण्यापूर्वी गठ्ठा फुलवून घ्या आणि कडेची पट्टी कागदाला नुसती टेकेल एवढीच सरकवा. दाबून लावली तर कागद तिरका जातो.

मागून कागद घेणाऱ्या मशिनचं तोंड वर उघडं असतं. पेन्सिल, टाचणी, रबराचा तुकडा आत पडतो आणि 'पेपर जॅम' दिसत राहतं, कागद मात्र सापडत नाही. टॉर्च मारून आधी तेच बघा. खालून ट्रे असलेलं मशिन, उदाहरणार्थ ब्रदर डीसीपी-टी४२०डब्ल्यू, या बाबतीत बरं. त्यात १५० कागद बसतात आणि धूळही कमी लागते.

कोल्हापूर

काळ्या शाईचा प्रकार विचारून घ्या. एप्सनची ००३ काळी डाय शाई आहे. कॅननची जीआय-७९० आणि एचपीची जीटी५३ काळी पिगमेंट. डाय शाई कागदाच्या तंतूंत मुरते, पाण्याचा थेंब पडला की पसरते. हॉलतिकीट पावसात भिजलं तर हाच फरक दिसतो. पिगमेंटचे कण वर बसतात, अक्षर गडद आणि कोरीव येतं. दुकानात डेमोचं पान मागा, पाच मिनिटं वाळू द्या आणि ओलं बोट फिरवा. चकचकीत फोटो कागदावर मात्र पिगमेंट काळी नीट धरत नाही, म्हणून अशी मशिनं तिथे रंगांतूनच काळा बनवतात. त्यासाठी सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार बरोबर निवडावाच लागतो. साधा कागद निवडून फोटो कागद घातला तर शाई तरंगते आणि हाताला लागते.

सोलापूर

स्कॅनबद्दल थोडक्यात. मजकुराला ३०० डीपीआय (एका इंचात इतके ठिपके) पुरे, जुन्या फोटोला ६००. या किमतीतल्या स्कॅनरचा फोकस काचेलगतच असतो, त्यामुळे जाड पुस्तकाच्या मधल्या घडीजवळची अक्षरं धूसर येणारच.

वायफाय: बहुतेक स्वस्त मॉडेल फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरने दोन्ही बँड एकाच नावाखाली ठेवले असतील तर जोडणीच्या वेळी ५ गिगाहर्ट्झ तात्पुरता बंद करा. काही दिवसांनी 'ऑफलाइन' दिसू लागलं तर राउटरने प्रिंटरला नवा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दिलेला असतो. राउटरच्या सेटिंगमध्ये तो पत्ता राखीव करून टाका.

धागाकर्ता

घर बदलताना काय करायचं, असं एकाने विचारलंय. मशिन पॉवर बटणाने बंद करा म्हणजे हेड टोपीवर बसेल. टाक्यांची बुचं घट्ट लावा, जुन्या मॉडेलला वाहतुकीचा वाल्व असेल तर तो फिरवून बंद करा. मशिन आडवं-उभं न करता सपाटच न्या, टेम्पोत नाही, जमल्यास गाडीत मांडीवर. नव्या घरी पोचल्यावर थोडा वेळ स्थिर ठेवा, नॉझल चेक काढा आणि मगच बाकीचं छापायला घ्या.