ओल्बियाच्या नाण्यावर हिरवी पूड, मदत हवी

खणखणाट: ओल्बियाचं (काळ्या समुद्राकाठचं प्राचीन ग्रीक शहर) ब्राँझचं नाणं आहे. फिकट हिरवी पूड येते, झाडली की चार दिवसांत परत. काय लावू? जरा लवकर सांगा.

तांबट: कुठलं ब्राँझ? तिथे डॉल्फिनच्या आकाराची ओतीव नाणीही होती आणि ठशाची नाणीही. वजन, व्यास? पूड कोरडी की चिकट? ठेवलं होतं कशात?

खणखणाट: नेहमीचंच हो. शिंगवाला दाढीवाला, मागे कुऱ्हाड-धनुष्य. ९.४ ग्रॅम, २२ मिमी. अल्बममध्ये होतं.

दर्यावर्दी: तो बोरिस्थेनिस, म्हणजे नीपर नदीचा देव. साधारण इ.स.पू. ३३०-२५०. मागे नुसतं धनुष्य नाही, सिथियन (तिथले भटके घोडेस्वार) भाता आहे, धनुष्य आत खोचलेलं. ओल्बिया ही मिलेटस या ग्रीक शहराच्या लोकांची वसाहत, पण शेजार सिथियनांचा.

चिंचगूळ: चिंच-मीठ लावा, पाच मिनिटांत लख्ख.

तांबट: अजिबात नको! मीठ म्हणजे क्लोराइड, आणि ब्राँझचा हा पुडीचा रोग त्याचाच. आत क्युप्रस क्लोराइड असतं. हवा-ओलावा लागला की पूड आणि आम्ल तयार होतं, आम्ल पुन्हा तांबं खातं. अल्बम पीव्हीसीचा असेल तर मात्र चिकट हिरवट थर येतो, तो शुद्ध अ‍ॅसिटोनने निघतो. कोरडी पूड असेल तर भिंगाखाली लाकडी काडीने खरवडा, डिस्टिल्ड पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला. मग पूर्ण सुकवून इथेनॉलमधल्या ३ टक्के बेन्झोट्रायाझोलमध्ये (तांब्यावर संरक्षक लेप धरणारं रसायन) २४ तास. हातमोजे घाला, विषारी आहे.

जुनाबाजार: त्यापेक्षा ५ टक्के सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या द्रावणात भिजवा. क्लोराइड मुळातून काढतं.

तांबट: काढतं, पण महिनोन्‌महिने लागतात आणि पॅटिनाचा, म्हणजे नाण्यावरच्या जुन्या थराचा, रंग बदलू शकतो. ९ ग्रॅमच्या नाण्यावर मी ती जोखीम घेणार नाही.

जुनाबाजार: नुसता लेप देऊन आतला क्लोराइड कुठे जातो?

दर्यावर्दी: अवांतर: डॉल्फिन घेत असाल तर जपून, नकली फार फिरतात. काही अस्सल डॉल्फिनवर ‘थु’ किंवा ‘आरिखो’ अशी ग्रीक अक्षरं असतात.

खणखणाट: डॉल्फिनचं कोणी विचारलं? पूड कोरडी आहे. आणि चिंच-मीठ गेल्या महिन्यात लावून झालंय, सांगायचं राहिलं.

तांबट: हे आधी सांगायचं ना! मग पाण्याची पायरी लांबवा. बदललेल्या पाण्याच्या चमचाभर नमुन्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाका. पांढरट गढूळ झालं की क्लोराइड अजून निघतोय. लेपानंतर बंद डबीत ओल्या कापसाशेजारी, पण कापसाला न टेकवता, दोन दिवस ठेवा. नवा ठिपका आला तर सगळं पुन्हा. नाही आला तर सिलिका जेलसकट डबीत, आर्द्रता ४० टक्क्यांखाली. अल्बम फेका.