‘हिमाच्छादित’ हा शब्द नेमका केव्हा वापरावा?

प्रश्न (अंबाजोगाई)
मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. एका विद्यार्थ्याने निबंधात ‘हिमाच्छादित किलिमांजारो’ असे लिहिले, तेव्हा वर्गातल्या एका मुलीने हरकत घेतली की, त्या पर्वताचा माथाच तेवढा पांढरा असतो, मग सगळ्या पर्वताला आच्छादित कसे म्हणायचे? २०१४ च्या गारपिटीत पांढरीफटक झालेल्या आपल्याकडच्या शेतांना हा शब्द चालेल का, असेही तिने विचारले. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (लातूर)
ताई, मुलीची हरकत रास्त आहे. हिम आणि आच्छादित यांचा हा संधी असून आच्छादित म्हणजे झाकलेले. त्यामुळे हे विशेषण ज्या नामाला लावाल, ते सगळे हिमाखाली आहे, असा अर्थ निघतो. ५,८९५ मीटर उंचीच्या किलिमांजारोच्या उतारांवर दाट जंगल आहे आणि माथ्यावरचे हिमही आता तुकड्यातुकड्यांनीच उरले आहे. तिथे ‘माथ्यावर हिम असलेला पर्वत’ असे सरळ लिहिणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

उत्तर (नांदेड)
हिम किती काळ टिकते, हे या शब्दातून कळत नाही. जपानचा फुजी हिवाळ्यात हिमाच्छादित असतो आणि उन्हाळ्यात त्याचा माथा उघडा पडतो. उलट ८,१६७ मीटर उंच धवलगिरीचे शिखर हिमरेषेच्या, म्हणजे उन्हाळ्यातही हिम जिथे पुरते वितळत नाही त्या मर्यादेच्या, कितीतरी वर आहे. म्हणून ‘बारमाही हिमाच्छादित’ ही पुनरुक्ती समजून कोणी खोडू नये.

उत्तर (जालना)
गारपिटीला हा शब्द लावू नये, असे मी शेतकरी म्हणून आग्रहाने सांगेन. हिम भुरभुरत उतरते. गार मात्र ढगातल्या वर चढणाऱ्या जोरदार वाऱ्यात थरावर थर चढून घट्ट होते आणि मोठी गार फोडली, तर आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. उभा गहू आणि हरभरा झोडपून काढणाऱ्या त्या माऱ्याला ‘शेतात गारांचा खच पडला’ हेच आपले शब्द आहेत.

उत्तर (परभणी)
‘बर्फाच्छादित’ हा शब्द फारसी आणि संस्कृत यांच्या जोडणीचा असला, तरी रूढ आहे. त्याचे गुण कापू नयेत. ‘हिमाच्छादीत’ हे मात्र अशुद्धच. ‘दि’ ऱ्हस्व हवा.